हजेरीपटाबाहेरची मुले : ग्राम बाल शिक्षा केंद्राची वाटचाल

24 डिसेंबर 1945 रोजी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू झाले. केंद्राची मातृसंस्था नूतन बाल शिक्षण संघ. तिची स्थापना 1926 ची, म्हणजे 2026 हे संघाचे शताब्दी वर्ष. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही दोन नावे केंद्राशी इतकी एकरूप झाली आहेत की संस्थेचा इतिहास म्हणजे या दोघींची चरित्रे, असा समज सहज होतो. चरित्रे थोर आहेतच. पण संस्थेचा इतिहास सांगायचा तर धागा धरावा लागतो तो शाळेत न आलेल्या मुलाचा. बालवाडी उघडली आणि वस्तीतली मुले आली नाहीत. आली ती टिकली नाहीत. टिकली ती जरा मोठी होताच गुरांमागे गेली. दर वेळी केंद्राने या गैरहजेरीचे कारण शाळेच्या जागेत, वेळेत आणि साहित्यात शोधले व शाळा बदलली. अंगणवाडी, पाळणाघर, विकासवाडी, कुरणशाळा, रात्रीचे वर्ग ही सारी कामे त्यातून उभी राहिली.

बोर्डी आणि कोसबाड ही दोन्ही ठिकाणे डहाणू तालुक्यात येतात. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन डहाणू नव्या पालघर जिल्ह्यात गेला. तोवरची जवळजवळ सत्तर वर्षे केंद्राचा इतिहास हा ठाणे जिल्ह्याच्याच शिक्षणाचा इतिहास होता. ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांच्या वेशीवर आजही वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांचे पाडे आहेत. त्यामुळे इथल्या वाचकाला या इतिहासाचा संबंध दूरच्या टेकडीइतकाच घराजवळच्या वीटभट्टीशीही लावता येईल.

भावनगर ते दादर

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते; घरात मुलींच्या शिक्षणाला विरोध असण्याचा प्रश्नच नव्हता. 1914 मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीतील संसार, मग विवाहविच्छेद, राजकोटच्या स्त्री-अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्यपद अशा वळणांनी त्या 1923 मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आल्या. वकिली सोडून बालशिक्षणात पडलेले गिजुभाई तेव्हा माँटेसोरी पद्धतीला भारतीय रूप देत होते. गोष्ट, गाणे, नाट्य, मातीकाम, बागकाम यांना त्यांच्या बालमंदिरात मानाचे स्थान होते आणि छडीला मज्जाव होता.

गिजुभाई आणि ताराबाई यांच्या पुढाकाराने 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पालक आणि शिक्षक यांच्यापर्यंत नवे बालशिक्षण पोहोचवण्यासाठी ‘शिक्षण पत्रिका’ हे मासिक निघाले. आधी गुजरातीत, पुढे ताराबाईंच्या संपादनाखाली मराठीतही. ताराबाई मुंबईला परतल्यावर 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. बालमंदिराबरोबर तेथे शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचीही सोय होती. मुंबईच्या मध्यमवर्गाने शिशुविहार उचलून धरले.

ताराबाईंना अडचण जाणवली ती या यशातच. दादरला येणारी मुले न्हाऊनमाखून, डबा घेऊन येत. त्यांच्या घरी फी भरण्याची ऐपत होती, पुस्तके होती, शाळेचे महत्त्व पटलेले आईवडील होते. माँटेसोरी साहित्याचे लाकडी संच महाग, आणि ते ठेवायला बंद खोली हवी. हे शिक्षण खेड्यात न्यायचे तर संच, इमारत आणि फी या तिन्हींवाचून त्याचे काय उरते, हे तपासणे भाग होते. 1945 मध्ये सेवाग्रामहून गांधीजींच्या नई तालीमची कक्षा रुंदावून सात वर्षांखालच्या मुलांचे शिक्षण, म्हणजे पूर्वबुनियादी शिक्षण, तिच्यात घेतले गेले. पन्नाशी ओलांडलेल्या ताराबाईंनी दादरची स्थिरस्थावर संस्था सहकाऱ्यांवर सोपवून खेड्याची वाट धरली.

1945 चा ठाणे जिल्हा

त्या वेळचा ठाणे जिल्हा कसा होता, हे समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही. डहाणू व शहापूर हे तालुके आणि उंबरगाव व मोखाडा हे पेटे (तालुक्याहून लहान महसुली विभाग) ब्रिटिश राजवटीत ‘अंशतः वगळलेले प्रदेश’ गणले जात. 1937 मध्ये अधिकारावर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने अशा प्रदेशांतील आदिवासींच्या स्थितीची पाहणी सायमिंग्टन या अधिकाऱ्याकडे सोपवली. 1939 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात सावकारी, वेठ आणि जमीनदारांची मारहाण यांचे सरकारी भाषेला न शोभेल इतके उघड वर्णन आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबायचे, ही ‘लग्नगडी’ प्रथा या पट्ट्यात सर्रास होती. मंत्रिपद गेल्यावर खेरांनी 1940 मध्ये आदिवासी सेवा मंडळ स्थापून जिल्ह्यात शाळा व वसतिगृहांचे काम सुरू केले.

1945 साल तर या भागाच्या इतिहासात वेगळेच आहे. मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले आणि वेठ व लग्नगडी बंद करण्याचा निर्धार झाला. शामराव व गोदावरी परुळेकर हे या लढ्याचे नेते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण ठार झाले, जेठ्या गांगड त्यांपैकी एक. गोळीबारानंतर अडीच महिन्यांनी, त्याच पट्ट्यात, बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र उघडले.

माळावर लाल बावट्याखाली वेठीला नकार दिला जात असताना तिकडे दोन बायका तीन-चार वर्षांच्या पोरांना गाणी शिकवत होत्या. या दोन कामांची जातकुळी वेगळी, माणसेही वेगळी. तरी बोर्डीच्या बालवाडीत ज्या पोरांनी यावे अशी अपेक्षा होती, त्यांच्याच आईबापांनी त्या वर्षी पहिल्यांदा ‘नाही’ म्हणायला सुरुवात केली होती, हे विसरून केंद्राचा आरंभ समजणार नाही.

बोर्डी : अंगणातली शाळा

बोर्डीची निवड विचारपूर्वक झाली. आचार्य भिसे यांनी घडवलेल्या हायस्कुलामुळे गावाला शिक्षणाची ओळख होती. पारशी बागाईतदार, मच्छीमार, शेतकरी, दलित आणि वारली अशा सगळ्या थरांची वस्ती एका हाकेच्या टप्प्यात होती. खेड्यातले बालशिक्षण एकाच ठिकाणी सर्व स्तरांवर तपासता येईल, असे हे गाव होते.

ताराबाईंना येथे सहकारी मिळाल्या त्या अनुताई वाघ. 17 मार्च 1910 रोजी मोरगावला जन्मलेल्या अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. शिक्षिका होऊन त्यांनी नाशिक जिल्ह्यातील खेड्यांत आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागा शाळेत काम केले. नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या; पदवी घेतली ती तर कोसबाडच्या कामाच्या धबडग्यात, पन्नाशी ओलांडल्यावर. 1945 मध्ये कस्तुरबा स्मारक निधीच्या बोरिवली येथील ग्रामसेविका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. पुण्यातली कायमची नोकरी सोडून पस्तीस वर्षांच्या अनुताई बोर्डीला आल्या. ताराबाईंकडे बालशिक्षणाची मांडणी होती. अनुताईंकडे खेड्यातल्या शाळांचा अनुभव आणि न दमणारे पाय होते.

गावात मध्यवर्ती बालवाडी सुरू झाली. बरी परिस्थिती असलेल्या घरांतून मुले आली. दलितवस्तीतली आणि वारल्यांच्या पाड्यावरची मुले मात्र आली नाहीत. कारणे पुढे उलगडत गेली. आईबाप दिवस उगवताच वाड्यांवर, शेतावर, गवत कापायला जात. पोराला बालवाडीपर्यंत सोडायला घरी कोणी नसे. अंगावर धड कपडा नाही, तर गावातल्या मुलांत बसवायचे कसे, हा संकोच होता. जातीची अदृश्य रेघ होती. शहरी बायका दिसल्या की पोरे पळ काढत, कारण पांढरपेशा माणूस पाड्यावर आला तर तो बहुधा वसुलीसाठी किंवा वेठीला माणसे न्यायलाच येई.

तेव्हा बालवाडीच पाड्यावर गेली. शिक्षिका वस्तीत जात, एखाद्या घराचे अंगण झाडून घेत आणि तेथे मुले जमवत. अंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे काढणे, खरजेला औषध लावणे येथून दिवस सुरू होई. मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. तिला भिंती नव्हत्या, त्यामुळे आत काय चालते हे शेजारच्या म्हातारीलाही दिसे. आईबापांचा अविश्वास कमी होण्यात या उघडेपणाचा वाटा मोठा होता. शिवाय मुलांबरोबर घराचीही ओळख होई. कोणाच्या घरी दुखणे आहे, कोणाच्या चुलीवर दोन दिवस काही शिजले नाही, हे शिक्षिकेला विचारावे लागत नसे.

साहित्याचा प्रश्नही वस्तीनेच सोडवला. चिंचोके, शंखशिंपले, पाने, बिया, बांबूचे तुकडे, नारळाच्या करवंट्या आणि माती यांतून रंग, आकार, वजन, स्पर्श, संख्या यांची ओळख करून देणारी साधने तयार झाली. माँटेसोरीच्या संचामागचे शास्त्र राखले गेले, संच तेवढा बदलला. समुद्रकाठच्या मुलाला लहानमोठ्या शिंपल्यांची रांग लावायला सांगितली की दादरच्या मुलाने लाकडी ठोकळ्यांनी जे साधले, ते त्यालाही साधे; वर घरी जाऊन तोच खेळ पुन्हा मांडता येई.

कोसबाड : विकासवाडी

बोर्डीत दहाएक वर्षे काम केल्यावर केंद्राने आपला मुक्काम कोसबाडच्या टेकडीवर हलवला. टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषिसंस्था होती आणि भोवताली सगळे वारल्यांचे पाडे. बोर्डीत आदिवासी हा गावाचा एक भाग होता. येथे तोच मुख्य रहिवासी. पाणी दूर, रस्ता कच्चा, आणि पाड्यांमध्ये ओढे व चढउतार.

येथे गैरहजेरीचे नवे रूप समोर आले. बालवाडीत मुले येऊ लागली, पण त्यांच्या मोठ्या बहिणी प्राथमिक शाळेत दिसेनात. आठ-नऊ वर्षांची पोर घरी राही, कारण आई कामावर गेली की तान्ह्याला तीच सांभाळी. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी कितीही चांगली बालवाडी चालवली तरी तान्हे बाळ कडेवर आहे तोवर या मुलीचे शिक्षण होणार नाही, हे उघड झाले. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. मुलगी बाळाला घेऊन येई, बाळ पाळण्यात पडे, मधले भावंड बालवाडीत आणि ती स्वतः वर्गात. सुटीत जाऊन बाळाला पाहून येण्याची मुभा असे. या एकत्रित रचनेला केंद्राने ‘विकासवाडी’ म्हटले.

शिक्षणाच्या सरकारी चौकटीत तेव्हा ही तीन खाती वेगळी होती: बाळ आरोग्याकडे, बालवाडी समाजकल्याणाकडे, शाळा शिक्षणाकडे. घरात मात्र ही तिन्ही भावंडे एकमेकांना बांधलेली असतात. विकासवाडीने घरातली रचना शाळेत आणली, आणि मुलींच्या गळतीवरचा याहून साधा उपाय पुढच्या काळातही फारसा कोणाला सुचलेला नाही.

कुरणशाळा

मुलींना तान्ह्या भावंडाने अडवले, तसे मुलांना गुरांनी. सात-आठ वर्षांचा मुलगा गुराखी होई. स्वतःच्या घरची दोन गुरे असोत की पोटावारी राखायची जमीनदाराची, सकाळी ती सोडायची आणि सांज होता परत आणायची. शाळेची वेळ हीच चरण्याची वेळ. पटावर नाव असले तरी मुलगा डोंगरउतारावर.

केंद्राने शिक्षकालाच मुलांबरोबर कुरणात पाठवले. गुरे चरायला लागली की झाडाखाली वर्ग भरे; एखादे जनावर शेतात शिरले की वर्ग थांबे, पोर धावे आणि परत येई. खडे मोजून अंक, मातीवर काडीने अक्षरे. झाडे, पक्षी, किडे, ढग, वाऱ्याची दिशा हे विषय मुलांच्या हातचे होते. कोणत्या पाल्याने गुराचे पोट फुगते, पावसाआधी मुंग्या काय करतात, हे मुले शिक्षकाला सांगत. गुराखी मुलाला जे आधीपासून येते त्यावर शिक्षण उभे राहू शकते, ही कुरणशाळेची खरी कमाई. दिवसा कामावर असणाऱ्या मोठ्यांसाठी आणि वाढत्या वयाच्या मुलांसाठी रात्रीचे वर्गही भरत.

कुरणशाळेची वाखाणणी पुढे खूप झाली. तिचा अर्थ लावताना एक भान ठेवले पाहिजे. मुलाने गुरेच राखावीत, असा या शाळेचा आग्रह नव्हता. आईबापांची मजुरी पुरेशी नाही तोवर मूल कामाला जाणार, ही वस्तुस्थिती मान्य करून तिच्यातून काढलेली ती वाट होती. पाळणाघर आणि बालवाडीतून वर आलेले मूल थेट शाळेत बसेल आणि कुरणशाळेची गरजच हळूहळू संपेल, ही विकासवाडीमागची अपेक्षा होती.

शिक्षिका घडवणे

अंगणवाडी पाड्यावर न्यायची तर ती चालवणारी बाई त्या पाड्याच्या जवळची हवी. शहरातून येणारी शिक्षिका पहिल्या पावसाळ्यातच परतण्याची शक्यता अधिक. म्हणून बालशिक्षणाचे अध्यापन मंदिर हे केंद्राचे पहिल्यापासून महत्त्वाचे अंग राहिले. कमी शिकलेल्या, परित्यक्ता, विधवा, कधी घराबाहेर पाऊल न टाकलेल्या स्त्रियांना केंद्राने बालसेविका म्हणून तयार केले. मूल कसे वाढते, त्याला काय खायला द्यावे, टाकाऊ वस्तूंतून खेळणी कशी करावीत, पाड्यावरच्या सभेत कसे बोलावे, हे सारे शिकवले जाई. अनुताईंनी बालगीते, गोष्टी आणि शिक्षिकांसाठी हाताशी ठेवण्याजोगी पुस्तके लिहिली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या त्यांच्या आत्मकथनामुळे टेकडीवरचे काम मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचले.

1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांनी सुरू केली आणि तिच्या गावपातळीवरच्या केंद्राला ‘अंगणवाडी’ हेच नाव दिले. आज देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, गरोदर व स्तनदा मातांची तपासणी यांमुळे योजनेचा पसारा बोर्डीच्या अंगणापेक्षा फार मोठा झाला. या विस्तारात आहाराची आणि नोंदवह्यांची बाजू भरभक्कम झाली, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवण्याची बाजू पुष्कळ ठिकाणी कुपोषित राहिली. अंगणवाडी सेविकेचे मानधन आणि तिच्यावर लादलेली कामे यांचा ताळमेळ आजही बसलेला नाही.

अनुताईंना 1984 मध्ये पद्मश्री आणि 1985 मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. त्यांनी आपले काम केंद्रापुरते ठेवले नाही. स्त्रियांच्या जागृतीचे काम त्यांनी जिल्हाभर केले. 1982 मध्ये शिक्षणतज्ज्ञ रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ‘ग्राममंगल’ची स्थापना केली. डहाणू तालुक्यातील दाभोण आणि ऐने येथे ग्राममंगलने आदिवासी मुलांच्या शिकण्याचे नवे प्रयोग केले आणि ते राज्यभरच्या शिक्षकांपर्यंत नेले. 27 सप्टेंबर 1992 रोजी अनुताईंचे निधन झाले.

पाड्याची संस्कृती आणि शाळा

आदिवासी मुलाला शिकवायचे म्हणजे त्याला ‘सुधारायचे’, अशी त्या काळच्या सुशिक्षितांची सर्वसाधारण समजूत होती. बोर्डी-कोसबाडचे कामही या समजुतीतून पूर्णपणे मोकळे नव्हते. अंघोळ, स्वच्छता आणि शुद्ध बोलणे यांवरचा भर त्यातूनच आलेला. हंडाभर पाण्यासाठी टेकडी उतरावी लागते तेथे रोजची अंघोळ हा सवयीइतकाच पाणीपुरवठ्याचाही प्रश्न असतो. केंद्राचे मोठेपण हे, की पाड्याशी संबंध वाढला तशी त्याची नजर बदलत गेली. वारल्यांची गाणी, नाच, सण शाळेच्या आवारात आले. तारपा या फुंकवाद्याच्या सुरावर फेर धरणारे मूल शाळेच्या कवायतीत चुकते, तर दोष तालाच्या जाणिवेचा नाही, हे शिक्षिकांना दिसू लागले.

याच डहाणू तालुक्यातल्या वारली चित्रांना 1970 च्या दशकात देशाची आणि जगाची ओळख मिळाली. लग्नात झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढण्याचे काम सुवासिनींचे. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही कला कागदावर आली आणि गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांनी तिला लग्नाच्या विधीबाहेर नेऊन शेती, मासेमारी, गोष्टी असे अवघे जीवन तिच्यात आणले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता तारप्याचा गोल फेर शहरातल्या कुर्त्यांवर, उद्यानांच्या कठड्यांवर आणि शाळांच्या भिंतींवर दिसतो. वारल्यांची रेघ शहराने आनंदाने स्वीकारली. त्यांची बोली वर्गात स्वीकारायला मात्र शाळा अजून कचरते. पहिलीतल्या मुलाने घरच्या बोलीत उत्तर दिले की ते चूक ठरते, आणि मूल हळूहळू गप्प होते. वर्गात बसून गप्प राहिलेले मूल हजेरीपटावर हजर असले तरी एका अर्थाने गैरहजरच असते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनचे शिक्षण औपचारिक रचनेत घेतले आणि लहान वयात घरच्या भाषेवर भर दिला. यांपैकी पहिली गोष्ट कोसबाडच्या टेकडीवर आधीच करून पाहिलेली आहे.

केंद्राच्या कामाची कुंपणे

संस्थेच्या इतिहासात तिच्या कामाची मर्यादाही नोंदवायला हवी. जमीन, मजुरी आणि जंगल हे आदिवासींचे मूळ प्रश्न केंद्राने हाती घेतले नाहीत. ते काम किसान सभेने, 1970 नंतर काळूराम धोदडे यांच्या भूमिसेनेने, पुढे कष्टकरी संघटनेने आणि श्रमजीवी संघटनेने केले. मूल गुरांमागे का जाते, याचे एक उत्तर केंद्राने कुरणशाळा काढून दिले. दुसरे उत्तर कुळाच्या नावावर जमीन करून आणि किमान मजुरी मिळवून द्यावे लागते. आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा 1996 मध्ये आणि वनहक्क कायदा 2006 मध्ये आला, ते याच दुसऱ्या प्रकारच्या लढ्यांमुळे.

नेतृत्वाचीही बाब आहे. केंद्र उभारणाऱ्या स्त्रिया बाहेरून आलेल्या होत्या. तलासरीच्या आदिवासी प्रगती मंडळासारख्या संस्था लढ्याच्या मुशीतून निघाल्या आणि त्यांनी वसतिगृहे, शाळा, महाविद्यालय उभारले. तेथे शिकलेले आदिवासी तरुण शिक्षक, कार्यकर्ते, लोकप्रतिनिधी झाले. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणि अनुताईंचे आत्मकथन ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर ठाणे जिल्ह्यातील आदिवासींच्या विसाव्या शतकाचे चित्र बरेचसे पुरे होते.

आजचा ठाणे जिल्हा

विभाजनानंतरच्या ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. शहापूर आणि मुरबाड हे डोंगराळ तालुके, तर कल्याण, भिवंडी, अंबरनाथ हे शहरांना चिकटलेले. येथे कातकऱ्यांची वस्ती मोठी. केंद्र सरकारने महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना अतिमागास गटात घातले आहे त्यांत कातकरी आहेत. कोलाम आणि माडिया गोंड या इतर दोन. कातकऱ्यांकडे जमीन जवळजवळ नाही. दिवाळी झाली की अख्खे कुटुंब वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या इमारतींच्या विटा ज्या भट्ट्यांवर भाजल्या जातात, त्यांच्या कडेला उभारलेल्या पेंढ्याच्या भोंग्यांत (झोपड्यांत) ही मुले अर्धे वर्ष काढतात. हंगामाआधी घेतलेली उचल फेडण्यासाठी आईबाप राबतात, आणि मूल विटा पालथ्या करते किंवा धाकट्याला सांभाळते. कोसबाडचे तान्हे भावंड आणि गुरे यांच्या जागी आता भट्टी आली आहे.

विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेने 1990 च्या दशकात भट्ट्यांवरच भोंगाशाळा सुरू केल्या. कुरणशाळेची ही थेट पुढची पिढी. त्यानंतर शिक्षणहक्क कायदा आला. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला आणि सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेत सामावून घेणे सरकारचे कर्तव्य ठरले. कायद्यामुळे पट भरले. स्थलांतर करणाऱ्या मुलाचे नाव मात्र गावच्या शाळेत आणि मूल दुसऱ्या तालुक्यातल्या भट्टीवर, अशी स्थिती अजून संपलेली नाही. आश्रमशाळा हा दुसरा पर्याय. तेथे जेवण व निवारा आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला घरापासून तोडावे लागते, आणि पाळणाघर ते शाळा अशी भावंडांची साखळी तेथे जुळत नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत आदिवासी पाड्यांवर काम करणारी मंडळे, महिला गट, महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी यांची संख्या मोठी आहे. त्यांची मदत बहुधा जूनमध्ये पोहोचते: वह्या, दप्तरे, गणवेश, छत्र्या. जूनमध्ये मूल गावातच असते आणि शाळेतही असते. त्याची शाळा सुटते ती दिवाळीनंतर. ग्राम बाल शिक्षा केंद्राच्या वाटचालीतून काही घ्यायचे असेल, तर मदतीचे वेळापत्रक नोव्हेंबरपासून आखावे. आपल्या ओळखीच्या पाड्यावरून कोणती कुटुंबे कोणत्या भट्टीवर गेली, तेथे सर्वांत जवळची अंगणवाडी व शाळा कोणती, तेथे त्या मुलांची नावे चढली का, तान्ह्यांसाठी सावलीची जागा आहे का, आणि परतल्यावर गावच्या शाळेने त्यांना त्याच इयत्तेत घेतले का, एवढ्या पाच गोष्टींचा पाठपुरावा एखाद्या मंडळाने एका भट्टीपुरता सलग तीन हंगाम केला, तर त्यातून निघणारे उत्तर त्या भट्टीचे स्वतःचे असेल. कोसबाडच्या उत्तराची नक्कल करण्यापेक्षा त्याचे मोल अधिक, कारण कोसबाडनेही दादरची नक्कल केली नव्हती.